मायची चूल

लातूरच्या एका दवाखान्यात मायच्या हातात नळी दिली आणि तिथली मुलगी म्हणाली, "आजी, जोरात फुंका. थांबू नका, फुंकत राहा." मायनं दोन्ही हातांनी नळी धरली, ओठ आवळले आणि डोळे मिटून घेतले. ते डोळे मिटणं मी लगेच ओळखलं. फुंकणी तोंडाला लावताना ती आयुष्यभर तसेच डोळे मिटत आलेली आहे. तीनदा फुंकायला लावलं. तिसऱ्या वेळी तिला अशी धाप लागली की भिंतीला टेकवून बसवावं लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, "विडी? तंबाखू? मिसरी?"

"न्हाई बा. कवाच न्हाई."

"चूल किती वर्षं?"

मायनं बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. सात-आठ वर्षांची असताना आजीनं तिला चुलीपुढं बसवलं होतं. आता ती पासष्टीच्या पुढं आहे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सीओपीडी. श्वासनळ्या कायमच्या आक्रसतात. जे गेलं ते परत येत नाही, राहिलेलं जपायचं. पंप लिहून दिला, तो ओढायचा कसा ते दाखवलं आणि म्हणाले, "चूल बंद करा."

या गोष्टीला चार वर्षं झाली. चूल बंद झालेली नाही. पण ती आता पूर्वीची चूलही राहिलेली नाही. मधल्या काळात माय आणि मी मिळून जे शिकलो, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. कारण आमच्या औसा तालुक्यातल्या गावात अजून घरोघरी चूल पेटते आणि तिच्यापुढं बसलेल्या बाईचं खोकणं कुणाला ऐकू येत नाही. चुलीच्या आवाजातलाच तो एक आवाज होऊन गेलाय.

घरात गॅस नाही असं नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्या गल्लीत टाकी नसलेलं घर शोधावं लागायचं. पण टाकी आली म्हणून चूल गेली असं झालं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ५८.६ टक्के घरं स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरतात असं निघालं. उरलेल्यांची चूल तर पेटतेच. शिवाय त्या ५८.६ मध्येही आमच्यासारखी दोन्ही ठेवणारी घरं आहेत, कारण तिथं विचारतात ते मुख्य इंधन. मायचं गणित सरळ आहे. चहा, दूध, भाजी गॅसवर. भाकरी, वरण आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. तुराट्या-पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या-कापसाच्या वाळल्या काड्या, रानातून आपल्याच येतात, टाकीला रोख पैसे मोजावे लागतात. सोयाबीनचा भाव पडलेल्या साली तिनं सहा-सहा महिने टाकी बदललेली नाही.

मी दोन महिने तिच्याशी भांडले. मग भांडण सोडलं आणि चुलीकडं बघायला लागले.

बघायला लागले तेव्हा थोरली आत्या आठवली. निलंग्याकडं दिलेली. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंती आमच्यासारख्या काळ्या नव्हत्या. सुट्टीत गेले की ते जाणवायचं, पण का ते कळायचं नाही. तिच्या चुलीतून धूर निघायचा तो पेटवताना, चार-पाच मिनिटं. नंतर नुसता जाळ. एकदा मी तिच्या चुलीत घाईघाईनं मूठभर काटक्या कोंबल्या आणि फुंकायला लागले. तिनं हात धरला. म्हणाली, "आगं माय, फुकायलालीस कशाला? चूल सोताच श्वास घेती. तिचं नाक दाबलंस तू." मग तिनं चिमट्यानं निम्म्या काटक्या मागं ओढल्या, खालची राख उलथन्यानं सारली, आणि फुंकणीला हात न लावता जाळ उभा राहिला.

फुंकावं लागलं की चूल मांडणाऱ्याचं किंवा जळतन आणणाऱ्याचं काहीतरी चुकलं, असं ती मानायची. आज वाचून-शोधून मला जे कळलं ते तिच्या त्या वाक्याच्या पुढं फार गेलेलं नाही.

लाकूड थेट जळत नाही. तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. मग दोनशे-तीनशे अंशांच्या पुढं लाकूड आतून फुटायला लागतं आणि त्यातून वायू निघतात. आपण ज्याला जाळ म्हणतो तो या वायूंचा असतो. पण ते पेटायला सहाशे अंशांच्या आसपास धग लागते आणि पुरेशी हवा लागते. यातलं एक जरी कमी पडलं तरी वायू न पेटताच वर जातात. तोच धूर. म्हणजे डोळ्यांत जातो, छातीत बसतो, माळवदाच्या तुळयांना डांबरासारखा चिकटतो, ते सगळं न जळलेलं जळतन असतं. ते डोक्यावर मोळी घेऊन आणलेलं असतं, आणि त्याची धग भांड्याला लागलेली नसते. हे समजलं त्या दिवशी मला फार हळहळ वाटली. मायनं चार-चार कोस चालून आणलेल्या मोळ्यांचा केवढा तरी भाग तिच्याच छातीत गेला.

तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचते. भारतीय मानक ब्युरोनं सुधारित चुलीसाठी जी अट घातली आहे ती साध्या चुलीला निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के. म्हणजे नीट मांडलेल्या, नीट पेटवलेल्या चुलीत तेवढाच स्वयंपाक निम्म्या जळतनात होऊ शकतो.

जळतनापासूनच सुरुवात करावी लागते. नुकत्या तोडलेल्या ओल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं. ते चुलीत घातलं की आधी कितीतरी वेळ ते पाणी उकळण्यातच जाळ खर्ची पडतो, चूल थंड राहते आणि धुराचे लोट उठतात. आपल्याकडं चैत्र-वैशाखाचं ऊन असं असतं की फोडलेलं लाकूड दोन-अडीच महिन्यांत खडखडीत होतं, पण फोडलेलं पाहिजे. सबंध ओंडका सालीखाली वर्षभर ओला राहतो. मनगटाएवढ्या ढलप्या केल्या की काम होतं. वाळल्याची खूण मायला विचारली तर ती दोन ढलप्या एकमेकींवर आपटून दाखवते. ओल्या असल्या की थप्प वाजतं, वाळल्या असल्या की टणकन.

मृगाच्या आत जळतन आत घ्यायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कसं ठेवायचं ते मात्र बहुतेक घरांत चुकतं. भुईवर ढीग घालून वर-खाली-चहूकडून ताडपत्रीत गुंडाळलं की आत बुरशी धरते. आम्ही आता खाली दगडांवर बल्ल्या टाकतो, त्यावर रचतो, वरून झाकतो, बाजू मोकळ्या सोडतो. आणि त्या ढिगात कधीही आंधळा हात घालत नाही. जळतनाचा ढीग म्हणजे विंचवाचं, मण्यारीचं, घोणसेचं घर. मायला तिथं दोनदा विंचू चावलेला आहे. संध्याकाळी लागणारं जळतन उजेड असतानाच काढून, काठीनं झटकून चुलीजवळ आणून ठेवायचं, हा नेम आमच्याकडं विंचवानंच घालून दिला.

प्रत्येक जळतनाचा स्वभाव वेगळा. तुराटी भसकन पेटते, उंच जाळ देते आणि तेवढ्याच लवकर विझते. पऱ्हाटी तिच्यापेक्षा धीराची. बाभळीचं लाकूड जड, सावकाश पेटतं, पण त्याचा आर, म्हणजे निखारा, तासभर धगधगतो. येडी बाभूळही तशीच, आणि ती तोडल्यानं कुणाचं नुकसान नाही, रान मोकळंच होतं. गोवरी धुमसते, दूध आटवायला बरी, पण तिचा धूर सगळ्यांत वाईट. म्हणून घरात गोवरी आम्ही बंद केली. शेण उकिरड्याला जातं, रानाला लागतं. पऱ्हाट्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या बांधावर रचून ठेवल्या की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. जाळायच्या असतील तर घरी आणून पाऊस पडायच्या आत संपवाव्यात.

कण्हेरीची काडी चुलीत जाऊ देऊ नये. तिचा धूरही विषारी. प्लॅस्टिकची पिशवी पेटवणीला तर नकोच, आणि रॉकेल ओतणं म्हणजे मरणाला हाक मारणं. विझत आलेल्या आरावर ओतलं की भडका हाताच्या दिशेनं येतो. आम्ही पेटवणीला वाळलेल्या कणसांचे गाभे, तुराटीची बारकी टोकं आणि मूठभर पाचट ठेवतो. पेटवायला घाई करायची नाही. पहिली पाच मिनिटं नुसत्या बारक्या काड्या, चूल तापली की मग जाड. एका वेळी तीन-चार काटक्या, टोकं तेवढी आत, आणि जळत जातील तशी आत सरकवायची. मूठभर कोंबली की जाळ गुदमरतो आणि बाई खोकते.

भाकरीचं सांगते, कारण तिथं जाळाची सगळी विद्या एकवटते. तवा तापेपर्यंत तुराटीचा जाळ हवा. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, की जाळ उतरायला हवा, नाहीतर करपते. आणि शेवटी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी उभी करायची तेव्हा समोर आर हवा, जाळ नव्हे. तो आर बाभळीचा, अर्ध्या तासापूर्वी घातलेला. मायची भाकरी तिथं टम्म फुगते आणि एका कडेला तिला बारकं भोक पडून वाफेची शिट्टी निघते. हे सगळं ती बोलत-बोलत, वाकून न बघता करते. चुलीवरच्या भाकरीला चव धुरानं येते असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ती चव आराची आहे, लोखंडी तव्याची आहे, ताज्या पिठाची आहे. धूर कमी झाल्यापासून आमची भाकरी जराही बेचव झालेली नाही.

आमच्या घरात धूर घालवायचा प्रयत्न पूर्वीही एकदा झाला होता. १९८० च्या दशकात देशभर निर्धूर चुलींचा कार्यक्रम निघाला. २००२ पर्यंत तो चालला आणि सुमारे साडेतीन कोटी चुली त्यात बसवल्या गेल्या. त्यातली एक आमच्या जुन्या घरात होती. दोन भांडी बसायची, मागून नळी माळवदातून वर गेलेली. पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. दुसऱ्या वर्षी धूर परत घरात यायला लागला, माय म्हणाली चूल बिघडली, आणि आबांनी नळी काढून मोरीच्या पाण्याला लावली. आज मला माहीत आहे की चूल बिघडली नव्हती. नळी आतून काजळीनं भरली होती. ती दर महिन्या-दीड महिन्याला झाडायची असते, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तुराटीला चिंधी बांधून पाच मिनिटांचं काम होतं. तेवढ्यासाठी मायनं पुढची पंचवीस-तीस वर्षं धूर खाल्ला.

आणि त्या वर्षांतलेच काही महिने असे होते की तिनं धूर खाल्ला नाही. ते मी विसरू शकत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक थकून झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. मी अकरा वर्षांची होते. आमच्या घरात माणूस गेलं नाही, पण दगड-मातीच्या दोन भिंती बसल्या आणि त्यानंतर कितीतरी महिने आम्ही आत झोपलो नाही. जवळजवळ दहा हजार माणसं गेली त्या पहाटे. आमच्या पाहुण्यांत चार. माळवदाखाली जायची भीती सगळ्यांनाच बसली होती. मायनं अंगणात, पत्र्याच्या आडोशाला, पडलेल्या भिंतीतले तीन दगड मांडून चूल केली. घरात रडारड होती, कुणाला जेवणाची वासना नव्हती, आणि त्यात एका सकाळी भाकरी थापताना ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आज डोळं चुरचुरत न्हाईत." मग तिला ते बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण ती गप्प झाली आणि पदरानं तोंड पुसलं. मी तेव्हा काही बोलले नाही. इतक्या दुःखाच्या दिवसांत तिच्या छातीला पहिल्यांदा मोकळी हवा मिळाली होती.

म्हणून आता चूल पुन्हा मांडायची ठरली तेव्हा पहिली गोष्ट हीच ठरवली की ती घरात नको. परसात पत्र्याखाली, दोन बाजू उघड्या, एका बाजूला कमरेएवढी भिंत. भिंत लागते, कारण उघड्यावर वारा जाळ भांड्याखालून पळवून नेतो आणि जळतन दुप्पट लागतं.

मातीसाठी मायनं काळी माती घेऊ दिली नाही. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिची चूल पहिल्याच आठवड्यात तडकते. गावठाणातल्या पडक्या वाड्याची पांढरी माती आणली, त्यात शेण, गव्हाचा भुसा आणि थोडी राख मिसळून चार दिवस भिजत घातली आणि पायानं तुडवली. भुशानं माती हलकी होते, धग पिऊन घेत नाही. १९८० च्या दशकात लॅरी विनियार्स्की या अमेरिकन माणसानं रॉकेट चूल म्हणून जी तयार केली तिचं मर्म हेच आहे की जाळाची जागा लहान हवी, उभी हवी आणि तिच्या भिंतींनी धग पिऊन घेता कामा नये, म्हणजे वायू तिथंच पेटून संपतात. आम्ही तीच गोष्ट मायच्या हातानं केली. चुलीचं तोंड पूर्वीच्या निम्म्यानं लहान केलं. तळाला लोहाराकडून सळयांची जाळी बसवून घेतली, म्हणजे राख खाली पडते आणि हवा खालून येते. जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत वीतभर उंची. भांडं आणि चुलीची कड यांच्यात करंगळी जाईल एवढीच फट, म्हणजे जाळ भांड्याला घासत वर जातो. मागं वैल, म्हणजे दुसऱ्या भांड्याची जागा, वैलाच्या मागून पत्र्याची नळी, छपराच्या वर तीन फूट, टोकाला पावसाची टोपी. नळी लाकडी तुळईला किंवा ताडपत्रीला कुठंही टेकू दिलेली नाही, कारण काजळी पेटली की नळी लाल होते.

माती वाळेपर्यंत दहा दिवस माय रोज भेगा लिंपत होती. पहिल्यांदा पेटवली त्या सकाळी ती चुलीपुढं न बसता अंगणात जाऊन उभी राहिली आणि नळीकडं बघत बसली.

बारक्या सवयी बाकीचं काम करतात. डाळ तासभर भिजवली की लवकर शिजते. भांड्यावर झाकण. भांड्याच्या बुडाला बाहेरून मातीचा पातळ हात, म्हणजे काजळी धुताना निघते. वरण उकळलं की जाळ काढून घ्यायचा, नुसत्या आरावर ते मुरतं. वैलावर पाण्याचं पातेलं कायम. अंघोळीसाठी आता आजोबांचा तांब्याचा बंब कल्हई करून पुन्हा उभा केलाय. बंबाइतकी शहाणी चूल मी दुसरी पाहिली नाही. जाळ मधल्या नळीत, पाणी त्याच्या चहूकडं. दहा-बारा काटक्यांत तिघांची अंघोळ होते.

आगीचं भय मला लहानपणापासून आहे आणि त्याला कारण आहे. भूकंपाच्या आदल्या वर्षी उन्हाळ्यात मी चुलीतली राख पाटीत भरून उकिरड्यावर टाकली. राख थंड वाटत होती. दुपारी वारा सुटला, राखेखालचा निखारा उडाला आणि शेजारच्या काकांची कडब्याची बनीम पेटली. गावानं हंड्यांनी पाणी ओतलं, पण वैशाखातला कडबा, कोण विझवणार. त्यांची दोन बैलं त्या पावसाळ्यापर्यंत दुसऱ्यांच्या वैरणीवर जगली. काका मला एक शब्द बोलले नाहीत, आणि आबांनी पुढच्या सुगीला आमचा अर्धा कडबा त्यांच्या दारात नेऊन टाकला. राखेखाली निखारा पूर्ण दिवस-रात्र जिवंत राहू शकतो. आता राख लोखंडी घमेल्यात काढायची, पाणी मारायचं, एक दिवस तशीच ठेवायची, आणि मगच टाकायची किंवा भांडी घासायला, बियाण्याला लावायला घ्यायची. चुलीजवळ भरलेली बादली आणि एक ओलं पोतं कायम असतं.

पदराचंही तसंच. चुलीपुढं बसताना मायला मी सुती लुगडंच नेसायला लावते, पदर खोचलेला. नायलॉनचं कापड नुसतं पेटत नाही, वितळतंही, आणि कातडीला चिकटून बसतं. भाजलं तर थंड वाहतं पाणी, निदान वीस मिनिटं. नळ नसेल तर रांजणातलं पाणी तांब्यानं सावकाश ओतत राहायचं. टूथपेस्ट, हळद, राख, तूप काहीही लावायचं नाही. हे मी आमच्या शाळेतल्या पोरींना दर वर्षी सांगते, कारण घरी चुलीजवळ पहिल्यांदा त्याच पोचतात.

एक गोष्ट धुराहून वाईट आहे आणि ती दिसत नाही. माझ्या बाळंतपणात, २००५ च्या डिसेंबरात, बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवून, दार-खिडकी लावून मला शेक द्यायची पद्धत पाळली गेली. धूर अजिबात नव्हता, म्हणून सगळ्यांना बरं वाटत होतं. पहाटे माझं डोकं फुटायला लागलं, मळमळायला लागलं, आणि पोर नेहमीपेक्षा जास्त वेळ झोपून होतं. थोरली आत्या आत आली, तिनं एक क्षण थांबून दार सताड उघडलं आणि शेगडी उचलून अंगणात नेली. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बंद खोलीत निखारे ठेवून झोपणं म्हणजे न उठण्याची तयारी. हे आत्याला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. मी तिला विचारायचं राहून गेलं.

कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून त्या किती धूर श्वासात घेतात ते मोजलं होतं. त्याच्या आधी हा धूर कुणी प्रदूषण म्हणून मोजलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. प्रदूषण म्हणजे कारखान्याचं, गाड्यांचं. आज जागतिक आरोग्य संघटना घरातल्या धुरानं जगात वर्षाला ३२ लाख माणसं मरतात असं २०२० च्या अंदाजात सांगते. त्या आकड्यात कितीतरी जणी डोळे मिटून फुंकणी फुंकणाऱ्या असतील.

आमच्या चुलीनं सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. लाकूड जळतं तिथं थोडा धूर असतोच, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं हवेसाठी घालून दिलेली मर्यादा कुठलीच लाकडाची चूल सहजी पाळत नाही. गॅस चांगलाच. टाकी स्वस्त झाली तर मी मायशी पुन्हा भांडेन. तोवर मी ठरवलंय की टाकीचे पैसे मी भरायचे आणि चूल दिवसातून एकदाच, सकाळची. येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अवसेचा सण, आली की हा नेम मोडतो. रात्रभर भज्जीचं मोठं पातेलं, आंबील, उंडे, आणि गल्लीतल्या चार जणी चुलीभोवती. गेल्या मार्गशीर्षातल्या अवसेला त्या चौघींनी पातेलं आमच्याच चुलीवर चढवलं. एकीनं दोनदा विचारलं की आमच्याकडं अशी मांडून देशील का. मायनं तिला मातीचं माप सांगितलं, आणि आधी पांढरी माती भिजत घाल म्हणाली.

आता पाऊस तोंडावर आलाय. आज फोन केला तेव्हा ती धापत नव्हती. पंप घेतला का विचारलं, घेतला म्हणाली. नळी झाडली का विचारलं. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तू ये ऐतवारी. शिडीवर चढाया मला होईना." तुराटीला बांधायची चिंधी मी पिशवीत घालून ठेवली आहे.